अत्रौलीचे बिऱ्हाड, करवीरची उपज

जयपूर-अत्रौली घराण्याच्या नावात दोन गावे आहेत. जिथे ते गाणे मुरले ते गाव मात्र त्यात नाही. अत्रौली हे अलीगढ जिल्ह्यातले एक लहान शहर, आणि जयपूर ही त्या खानदानातल्या काही शाखांना आश्रय देणारी राजधानी. घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ जन्मले ते या दोहोंत नव्हे, तर जयपूरच्या मांडलिक असलेल्या उनियारा नावाच्या छोट्या ठिकाण्यात, १८५५ साली. आज आपण ज्याला जयपूर गायकी म्हणतो ती त्यांच्या गळ्यात पक्की झाली, मुलांना दिली गेली आणि जाणत्या श्रोत्यांपुढे तपासून निघाली ती कोल्हापुरात, १८९५ ते १९२२ या काळात. कोल्हापूरकरांनी या अनुल्लेखाबद्दल कधी फारशी तक्रार केलेली ऐकिवात नाही. बाकी कशाबद्दलही अभिमान उघड सांगणाऱ्या या शहराचे हे मौन मला गमतीचे वाटते.

या लेखात मागोवा घ्यायचा आहे तो उपजेचा. बंदिश ठरलेली असते, राग ठरलेला असतो, ताल ठरलेला असतो. त्या चौकटीत गवई त्या क्षणी जे सुचून गातो ती उपज. बंदिश वहीत उतरवता येते, स्वरलिपीत छापता येते. उपज मात्र एका माणसाच्या जवळ बसून दुसऱ्याला उचलावी लागते. गाव सोडून निघालेल्या माणसांनी मग ती बरोबर कशी नेली? आणि परमुलखात, जिथे भाऊबंद नाहीत, तिथे ती दिली कुणाला?

अल्लादिया खाँ यांनी उतारवयात आपली जीवनकथा नातू अझीझुद्दीन खाँ यांना सांगितली. घराण्याच्या आठवणीप्रमाणे त्यांचे पूर्वज शांडिल्य गोत्राचे ब्राह्मण. पुढे मुसलमान झाले, पण गोत्र विसरले नाहीत. म्हणजे पहिले स्थलांतर धर्माचे, दुसरे अत्रौलीहून राजपुतान्यात. वडील ख्वाजा अहमद खाँ लवकर गेले, आणि तालीम मिळाली ती काका जहांगीर खाँ यांच्याकडून, धृपद आणि ख्याल दोन्हींची. १८५७ नंतर दिल्ली-लखनौचे मोठे आश्रय मोडले होते. गवई लहानमोठ्या संस्थानांतून फिरत असत. कुठे चार महिने, कुठे चार वर्षे. खाँसाहेबही असेच फिरले.

या भटकंतीत आमलेटा नावाच्या माळव्यातल्या छोट्या दरबारी त्यांना इतके गावे लागले की आवाज बसला. बराच काळ तो गेलाच होता, आणि परत आला तेव्हा पूर्वीचा उरला नव्हता. पूर्वीची धार आणि फिरत या नव्या आवाजाला झेपेना. एखाद्याने गाणे सोडले असते. त्यांनी गाण्याची रचनाच बदलली. नुसत्या गळ्याच्या चमकदारपणावर न विसंबता स्वराला आतून वळसे देणारी, लयीच्या पोटात शिरणारी, वक्र अंगाने चढणारी-उतरणारी तान त्यांनी घडवली. घराण्याचे वैशिष्ट्य म्हणून पुढच्या पिढ्यांनी जे जपले त्याच्या मुळाशी अशी एका माणसाची शारीरिक अडचण आहे. परंपरा म्हणजे जुने जसेच्या तसे, असे मानणाऱ्यांनी हा तपशील जरा सावकाश वाचावा.

खाँसाहेब कोल्हापुरात आले त्याला काही साध्या, व्यावहारिक गोष्टी कारण झाल्या. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्ये सुरू झाला. १८९४ मध्ये शाहू महाराजांच्या हाती राज्यकारभार आला. १८९५ मध्ये खाँसाहेब दरबारी गवई झाले. रेल्वेने कोल्हापूर मुंबई-पुण्याच्या टप्प्यात आणले, आणि कुस्ती, नाटक, गाणे या तिन्हींवर सारखाच जीव असलेल्या राजाने त्यांना स्थैर्य दिले.

तरी ते एकटे नव्हते. कृष्णा-पंचगंगेच्या या पट्ट्यात त्या काळी उत्तरेकडच्या गवयांची जणू एक वसाहतच झाली होती. ग्वाल्हेरच्या हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ यांना विष्णुपंत छत्रे यांनी सांभाळले. छत्रे स्वतः हद्दू खाँचे शागीर्द आणि सर्कशीचे मालक. गुरूच्या मुलाचा सांभाळ त्यांनी कर्तव्य मानून केला. म्हणून ख्यालाचा हा अवलिया सर्कशीच्या तंबूबरोबर गावोगाव फिरला आणि १९२२ मध्ये कुरुंदवाडला वारला. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थिरावले. १९३७ मध्ये प्रवासात त्यांचे निधन झाले तेव्हा त्यांना मिरजेलाच आणून मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन केले, आणि तिथे दरवर्षी गाणे होते. त्याच मिरजेत हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी तानपुरे-सतारी घडवायला घेतल्या होत्या, हे या पाहुण्यांचे भाग्य. वाद्य बिघडले तर दुरुस्तीला लखनौला धाडायची गरज राहिली नाही.

उलट दिशेची वाटही याच भागातून गेली होती. इचलकरंजीचे बाळकृष्णबुवा ख्याल शिकायला उत्तरेकडे गेले, ग्वाल्हेरची गायकी घेऊन परतले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुसकर कुरुंदवाडचे. त्यांनी १९०१ मध्ये गांधर्व महाविद्यालय काढले ते थेट लाहोरला. तेव्हा उत्तरेचे खाँसाहेब आले आणि दक्षिणेला गाणे मिळाले, असे एकेरी चित्र काढू नये. रस्ता दोन्ही बाजूंनी वाहत होता.

कोल्हापुरात अल्लादिया खाँ यांच्यासमोर प्रश्न होता तो श्रोत्यांचा. राजपुतान्याच्या दरबारात ऐकणारे मोजके आणि पिढीजात. इथे दरबार होता, पण त्याबाहेर वकील होते, मास्तर होते, पेठेतले व्यापारी होते आणि नाटकवेडे तर सगळेच होते. १८८३ मध्ये सुरू झालेल्या गायन समाजाची परंपरा पुढे देवल क्लबच्या नावाने नांदली. गोविंदराव टेंबे याच मुलखातले. पेटीवर बसून मोठमोठे गवई जवळून ऐकलेले. खाँसाहेबांचे चरित्र पुढे त्यांनीच मराठीत लिहिले, आणि ते वाचताना त्या काळच्या बैठकांचा एक भरवशाचा साक्षीदार बोलतो आहे हे कळते.

पण मैफलीपर्यंत पोचणारे शंभर, तर नाटकाला बसणारे हजार. उपज ऐकण्याचा कान सर्वसामान्य कोल्हापूरकराला मिळाला तो बहुतेक नाट्यगृहात, असे माझे मत आहे. टेंब्यांनी 'मानापमान' (१९११) मध्ये उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्यांच्या चाली मराठी पदांत आणल्या. अल्लादिया खाँ यांच्याकडेही शिकलेले भास्करबुवा बखले यांनी 'स्वयंवर' (१९१६) मध्ये ख्यालाच्या बंदिशींवर पदे बेतली. प्रेक्षक 'वन्स मोअर' देत आणि नट तेच पद पुन्हा गात, पण तसेच नाही. दर वेळी नवी हरकत, नवी जागा. पहिल्यापेक्षा दुसरे वेगळे झाले की टाळ्या, सारखेच झाले की प्रेक्षक नाखूश. पिटातल्या या प्रेक्षकाला रागाचे नाव ठाऊक नसेल. पण मूळ चाल कोणती आणि या माणसाने आत्ता तिच्यात काय केले, हे त्याला अचूक कळे. उपजेचे अर्धे शास्त्र एवढेच आहे. शाहू महाराजांनी १९१५ च्या सुमारास बांधलेले पॅलेस थिएटर, म्हणजे पुढचे केशवराव भोसले नाट्यगृह, हे या शिक्षणाचे मोठे ठिकाण होते. ते ऑगस्ट २०२४ मध्ये, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, जळाले. त्या रात्री शहर रस्त्यावर आले होते ते केवळ जुन्या दगडी इमारतीसाठी नव्हे.

खाँसाहेबांचे तीन मुलगे. थोरले नासिरुद्दीन ऊर्फ बडेजी, मधले बद्रुद्दीन ऊर्फ मंजी खाँ, धाकटे शमसुद्दीन ऊर्फ भूर्जी खाँ. मंजी खाँ यांनी रहिमत खाँचे गाणे मनापासून ऐकले आणि स्वतःच्या गाण्यात घेतले. म्हणजे घरातच, बापाच्या डोळ्यांदेखत, शेजारच्या कुरुंदवाडचे ग्वाल्हेर शिरले. भूर्जी खाँ कोल्हापुरातच राहिले, आणि अंबाबाईच्या देवळात गायनाची सेवा करत राहिले. मुसलमान गवई देवीपुढे गातो याचे आज कौतुक किंवा आश्चर्य केले जाते. त्या वेळच्या पेठेला ते नेमाचे होते. सेवा वेळेवर होते की नाही एवढेच लोक पाहत.

आता उपज शिकवली कशी जाई ते पाहू. गंडा बांधताना गूळ-चणे वाटले, मनगटाला दोरा बांधला की शागीर्द घरचा झाला. पण गाणे लगेच मिळत नसे. महिनोन्‌महिने एकाच रागातले पलटे. मग बंदिश. मग गुरू गाईल ते तसेच्या तसे म्हणायचे. आणि खरी शाळा मैफलीत. गुरूच्या मागे तानपुरा घेऊन बसायचे. गुरू आलाप घेत एखाद्या स्वरावर थांबला, श्वास घेतला, की मागच्याने तो स्वर धरून दोन आवर्तनांपुरते, म्हणजे तालाच्या दोन फेऱ्यांपुरते, काही म्हणायचे आणि गुरूने पुन्हा उचलताच गप्प व्हायचे. त्या दोन आवर्तनांत शागिर्दाची परीक्षा असे. गुरूने नुकतेच घेतलेले तसेच म्हटले तर तो पोपट. भलतेच काही म्हटले तर राग बिघडवला. गुरूने जिथे सोडले तिथूनच पुढे, त्याच रस्त्याने, पण स्वतःचे पाऊल टाकून जायचे. याचे नियम कुणी लिहून दिले नाहीत. मागे वळून पाहणाऱ्या एका नजरेत निकाल लागे.

जयपूर गायकीत ही परीक्षा जास्तच कठीण. इथे आवर्तन भरायचे असते. त्रितालाच्या सोळा मात्रांत कुठे रेंगाळायचे, कुठे दम मोडायचा, आणि मुखड्यावर धावपळ न करता कसे पोचायचे, याचा हिशेब आलाप सुरू करतानाच मनात हवा. लय फार संथ नसते, त्यामुळे विचार करायला उसंत नसते. त्यात राग बहुधा जोडराग किंवा अनवट: बसंती केदार, नट कामोद, खोकर, ललिता गौरी, सावनी, बिहागडा. दोन रागांचा सांधा कुठे दाखवायचा आणि कुठे लपवायचा, हे समजल्याशिवाय त्यांत उपज करणे म्हणजे अंधारात नदी ओलांडणे. वामनराव देशपांडे यांनी 'घरंदाज गायकी'त स्वर आणि लय यांचा सर्वांत उत्तम तोल जयपूरमध्ये दाखवला आहे. देशपांडे स्वतः याच घराण्यात शिकले, हे लक्षात ठेवून ते प्रकरण वाचावे. तरी त्यांचे म्हणणे बव्हंशी खरे आहे असे मलाही वाटते.

मागे बसायला माणसे हवीत. अत्रौलीला असते तर चुलत-मामे भाऊ बसले असते. घरातले होतेही: बंधू हैदर खाँ, पुतणे नत्थन खाँ, तीन मुलगे. पण एवढ्यांवर परमुलखात गाणे टिकत नाही. म्हणून मागच्या तानपुऱ्यांवर हळूहळू जी माणसे दिसू लागली ती पाहण्यासारखी आहेत. केसरबाई केरकर गोव्यातल्या केरीच्या. लहानपणी कोल्हापुरात अब्दुल करीम खाँ यांच्याकडे काही महिने शिकलेल्या, आणि पुढे १९२१ पासून अल्लादिया खाँ यांच्या शिष्या. मोगूबाई गोव्यातल्याच कुर्डी गावच्या, लहान वयात नाटक कंपनीत गेलेल्या. खाँसाहेब सांगलीत वैद्य आबासाहेब सांबारे यांच्याकडे औषधोपचारासाठी राहिले असताना त्यांनी या मुलीचे गाणे ऐकले आणि शिकवायला घेतले. दोघी कलावंत घराण्यांतल्या. गोव्यातल्या देवळांच्या परंपरेतून बाहेर पडून स्वतःच्या गळ्यावर मुंबईत उभ्या राहू पाहणाऱ्या, म्हणजे त्याही परमुलखातल्याच. मोगूबाईंचे कुर्डी तर पुढे साळावली धरणात गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तेवढे वर येते. वामनराव सडोलीकर कोल्हापूरचे. मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडचे, लिंगायत, घरची भाषा कानडी. ते आधी मंजी खाँ यांच्याकडे शिकले आणि १९३७ मध्ये मंजी खाँ अचानक वारल्यावर भूर्जी खाँ यांच्याकडे. कोल्हापूरच्या ब्राह्मण घरातल्या धोंडूताई कुलकर्णी याही भूर्जी खाँ यांच्याच शिष्या.

रक्ताचे नाते नसलेली ही सोयरीक सोपी किंवा गोड होती असे मात्र नाही. अनवट रागांच्या चिजा हे घरचे दागिने; ते कुणाला किती दाखवायचे यावर घरात आणि घराबाहेर वाद झाले. केसरबाई आणि मोगूबाई यांच्यातून विस्तव जात नसे, आणि त्याची झळ मोगूबाईंच्या तालमीला लागली. त्यांना मधल्या काळात हैदर खाँ यांच्याकडे, काही दिवस आग्रा घराण्याकडेही शिकावे लागले. १९३४ मध्ये त्या पुन्हा खाँसाहेबांच्या गंडाबंध शिष्या झाल्या. केसरबाईंनी पुढे जवळजवळ कुणालाच शिकवले नाही, अपवाद धोंडूताईंचा. मोगूबाईंनी मात्र पुष्कळांना शिकवले, आणि त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर यांनी तर घराण्याच्या आवर्तनबद्ध शिस्तीलाच प्रश्न विचारले. आलाप मोकळा केला, बाहेरचे बरेच आत घेतले. जुन्या रसिकांना ते रुचले नाही. पण आमलेट्यात आवाज गेल्यावर खाँसाहेबांनी जे केले, त्याच जातीचे हे धाडस होते.

परमुलखात गेलेल्या सगळ्यांचे असे झाले नाही. १८४५ पासून बिहार-अवधातून त्रिनिदादला ऊसमळ्यांवर नेलेल्या मजुरांबरोबर कुणी खानदानी गवई गेला नाही. ठुमरी, धृपद ही नावे, चार छापील गाण्यांची पुस्तके आणि आठवणीतले सूर एवढेच तिथे पोचले. त्यातून 'तान' नावाचा एक वेगळाच प्रकार उभा राहिला. तिथली ठुमरी बनारसच्या माणसाला ओळखता येत नाही. पण लग्न-मयताला जमलेले लोक ती ऐकून गायकाची कसून परीक्षा घेत. मॉरिशसला गेलेल्या कोकणातल्या मराठी माणसांनी जाखडी नेली, तिला तिथे झाकरी म्हणतात. न्यू ऑर्लिन्सच्या काळ्या वादकांनी जॅझ घडवले त्यांच्याकडे तर मूळ गावाचे नावही उरले नव्हते. कोल्हापूरच्या खाँसाहेबांचे नशीब यांच्या तुलनेत फार थोर: राजाश्रय, गोत्राची आठवण, मुलगे, रेल्वे. तरीही एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसते. जिथे ऐकणाऱ्यांचा एक जाणता गट जमला तिथे उपज टिकली. जिथे तो जमला नाही तिथे गाणी उरली, पण ती पाठ केलेली.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराज गेले. दरबाराचा आधार संपला आणि खाँसाहेब मुंबईला गेले. पुन्हा एक बिऱ्हाड, या वेळी शेठ-सावकारांच्या आणि म्युझिक सर्कलांच्या शहरात. १६ मार्च १९४६ रोजी ते तिथेच वारले. त्यांच्या आवाजाचे एकही ध्वनिमुद्रण आपल्याला मिळत नाही. म्हणून त्यांची उपज कशी होती याचा शोध घ्यायचा तर केसरबाई, मोगूबाई आणि मन्सूर यांची मुद्रणे शेजारी-शेजारी ठेवून ऐकावी लागतात. तिघांची तान वेगळी, आवाजाचा लगाव वेगळा. केसरबाई भव्य, मोगूबाई काटेकोर, मन्सूर क्षणात चकवा देणारे. जिथे हे तिघे सारखे आहेत तिथे खाँसाहेब असावेत, हा माझा अंदाज. आवर्तनाच्या शेवटच्या चार मात्रांत तो सारखेपणा सर्वांत स्पष्ट ऐकू येतो. केसरबाईंच्या भैरवीतली एक चीज १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या तबकडीत बसवून सूर्यमालेबाहेर धाडली गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. मला त्याहून त्यांची नट कामोदची तबकडी महत्त्वाची वाटते, कारण एवढ्याशा वेळात दोन रागांचा सांधा कसा फिरवावा हे ती शिकवते.

कोल्हापूरही नंतर माणसे पाठवू लागले. गायक-नट शंकरराव सरनाईकांचे पुतणे निवृत्तीबुवा सरनाईक, जन्म १९१२ चा, कोल्हापूरचेच. उतारवयात कोलकात्याच्या संगीत रिसर्च अकादमीत गुरू म्हणून राहिले. खाँसाहेब उत्तरेहून दक्षिणेस आले होते, त्यांची विद्या या मार्गाने पूर्वेला पोचली. सडोलीकरांच्या कन्या श्रुती सडोलीकर यांचा जन्म कोल्हापूरचा, माणिक भिडे यांचेही माहेर कोल्हापूर. भूर्जी खाँ यांचे चिरंजीव अझीझुद्दीन खाँ जाहीर मैफलींपेक्षा शिकवण्यात रमले. अनेक गायकांनी आडवळणाच्या चिजा पडताळून पाहिल्या त्या त्यांच्याकडे. आजोबांची जीवनकथा उतरवून घेणारे हेच अझीझुद्दीन.

आता परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांना हे गाणे पडद्यावरून शिकवले जाते. त्यात एक यांत्रिक अडचण आहे. आवाज पोचायला लागणारा सेकंदाचा अंश लयीला पुरेसा घातक असतो, त्यामुळे गुरू आणि शिष्य एका तालात एकत्र गाऊ शकत नाहीत. गुरू गातो, थांबतो. शिष्य गातो, थांबतो. बंदिश अशी उत्तम शिकता येते, पलटेही. पण गुरूने श्वास घेताच त्याच आवर्तनात शिरायचे आणि त्याने उचलताच थांबायचे, हे या यंत्रातून होत नाही. म्हणून ज्यांना मिरवण्यापुरते नव्हे तर खरेच गायचे असते ती मुले सुट्टीत येऊन गुरूच्या घरी राहतात, आणि संध्याकाळी एखाद्या छोट्या बैठकीत मागे तानपुरा घेऊन बसतात. पहिल्या दोन-तीन वेळा बहुतेक जण ती दोन आवर्तने रिकामीच जाऊ देतात.